सुटण्याची सोय

दसरा उलटला की घराघरांत भिंतींची पाहणी सुरू होते. एरवी वर्षभर त्याच भिंतींसमोर आपण चहा पितो, टीव्ही बघतो, भांडतो. पण दिवाळी तोंडावर आली की त्यांच्यावरचं सगळं एकदम डोळ्यांत खुपायला लागतं. हॉलच्या एका भिंतीला हौसेनं लावलेला वॉलपेपर जोडाजवळ उचलला गेलेला असतो. मुलाच्या खोलीत जिराफ, फुगे आणि झुकझुक गाडी अजून चिकटून असतात आणि खोलीचा मालक बारावीचे क्लास आटोपून रात्री उशिरा घरी येत असतो. देवघराच्या कडेला कुठल्या तरी गणपतीतल्या सजावटीची सोनेरी वेलबुट्टी, छताला चमचमत्या रेडियमच्या चांदण्या. हे सगळं काढायचं असतं आणि भिंत मात्र जशीच्या तशी हवी असते.

मग रंगारी येतो. भिंतीवर बोटांनी टकटक करतो, उचललेला कागद नखानं जरा वर करून बघतो आणि म्हणतो, “वहिनी, काढत कशाला बसायचं? वरूनच लांबी ओढतो. दोन हात मारले की काय कळणार नाही.”

खरंच कळत नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. ओल्या लांबीतलं पाणी खालचा कागद पितो, फुगतो, त्यामागची खळ सैल पडते आणि भिंतीवर फोड उठतात. कागदावर विनाइलचा गुळगुळीत थर असेल तर लांबी त्याला धरतच नाही. एक दिवस खुर्चीची पाठ लागते आणि वहीच्या पानाएवढी खपली खाली येते. मग कागद, लांबी, रंग असं सगळंच उतरवावं लागतं आणि जे काम टाळलं होतं तेच दामदुपटीनं अंगावर येतं.

यात रंगाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याचा दर चौरस फुटावर ठरतो, लांबीचे आणि रंगाचे हात मोजून. कागद उतरवण्यात गेलेला दिवस त्या दरात कुठेच बसत नाही. लावण्याचे पैसे आपण हसत देतो; काढण्याचे मागितले की “एवढ्याशा कामाचे?” म्हणतो. भिंत शाबूत हवी असेल तर काढणं हे वेगळं काम आहे हे आधी मान्य करायला हवं. त्याची मजुरी वेगळी ठरवावी, नाहीतर एका रविवारी आपणच बाह्या सरसावाव्यात.

भिंत एकसंध दिसते, पण ती थरांची असते. विटेवर सिमेंटचा गिलावा, त्यावर निरू किंवा जिप्सम, त्यावर लांबीचे हात, मग प्रायमर, मग रंग. आपला कागद आणि त्याची खळ या सगळ्यांच्या वर. बाहेरून ओढ बसली की यातला सगळ्यात कच्चा थर सुटतो. खळ कच्ची असेल तर कागद एकटा येतो. रंग कच्चा असेल तर कागद रंगाला घेऊन येतो. लांबी पुरती वाळायच्या आत रंग मारलेला असेल तर लांबीचा अख्खा पोपडा सुटतो आणि खालचा करडा गिलावा दिसायला लागतो. नुसता जोर लावून हा क्रम बदलत नाही. जोरानं फक्त निकाल लवकर लागतो.

भिंत न दुखवता कागद काढण्याची सगळी विद्या यातच आली. जे चिकटलं आहे ते आधी भिंतीपेक्षा कच्चं करायचं आणि मगच हात लावायचा. करपलेल्या दुधाच्या पातेल्यावर लगेच तारेची घासणी चालवणारी बाई स्वयंपाकघरात नवखी समजावी; मुरलेली बाई त्यात पाणी ओतते आणि दुसऱ्या कामाला लागते.

पण पाणी ओतण्याआधी भिंत कोणती आहे ते बघायला हवं. कपाटामागे किंवा पडद्याआड ओलं फडकं फिरवावं. फडक्याला पिठासारखं पांढरं लागलं तर भिंतीवर चुना किंवा साधं डिस्टेंपर आहे. ते पाण्यानंच सुटतं, म्हणजे कागद भिजवला की रंगही भिजणार. तिथे नव्यानं रंग द्यावा लागेल हे आधीच धरून चालावं. फडकं स्वच्छ राहिलं तर इमल्शन किंवा ऑइल पेंट आहे आणि भिंत पाणी सोसेल. टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर खालचा गिलावाच सुटलेला आहे. तिथे कितीही हळू हात चालवला तरी डागडुजी ठरलेली. जिप्सम आणि पीओपीच्या भिंती पाण्यानं मऊ पडतात, म्हणून तिथे पाणी बेतानं आणि थोड्या थोड्या जागेत.

कागद कोणता, हे त्याच्या जोडापाशी कळतं. बाजारातला नेहमीचा रोल 53 सेंटीमीटर रुंद आणि 10 मीटर लांब, म्हणजे 57 चौरस फुटांचा असतो. म्हणजे पावणेदोन फुटांवर एक उभा जोड सापडायलाच हवा. तिथे वरच्या कोपऱ्यात टोक उचलून कोरडंच, हलकं ओढून बघावं. नव्या नॉन-वोव्हन कागदात लगद्याबरोबर पॉलिएस्टरचे तंतू असतात; तो बहुतेक वेळा अख्ख्या पट्ट्यानं कोरडाच उतरतो. विनाइलच्या कागदाचं वरचं छापील प्लास्टिक सोलून निघतं आणि भिंतीवर पांढरट, खरखरीत पाठ राहते. साधा कागद असेल तर टोक फाटून हातात येतं, आणि मग भिजवण्यावाचून इलाज नसतो.

भिजवण्याआधी त्या खोलीचा एमसीबी खाली पाडावा. बटणांच्या फळ्यांवर प्लास्टिक लावून कडेनं मास्किंग टेप मारावी, कारण पाणी भिंतीवरून उतरताना नेमकं तिकडेच वळतं. फरशीवर जुन्या चादरी, त्यांच्याखाली प्लास्टिक. फवारणीच्या बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब. साबणामुळे पाणी कागदावरून ओघळून न जाता आत शिरतं. विनाइलचं प्लास्टिक निघतच नसेल तर त्याला आधी बारीक चिरा द्याव्यात, पण ब्लेड भिंतीत रुतेल इतक्या खोल नकोत. नाहीतर नंतर प्रत्येक चीर लांबीनं भरत बसावं लागतं.

एका वेळी दोनच पट्टे घ्यावेत. पहिला भिजवून पाव तास सोडायचा आणि तोवर दुसरा भिजवायचा. तेवढ्यात पहिला वाळायला लागला तर पुन्हा फवारायचा. कागदाचा रंग गडद झाला, त्यावर बोट दाबलं की तो जरासा सरकला, की वेळ झाली. रुंद पात्याचा स्क्रॅपर घ्यावा, त्याची टोकं पॉलिश पेपरवर घासून आधीच बोथट करून घ्यावीत आणि तो भिंतीला जवळजवळ टेकवून, आडवा चालवावा. उभा धरला की पातं लांबीत घुसलंच म्हणून समजा. जिथे स्क्रॅपर अडतो तिथे दाबायचं नाही, पुन्हा पाणी मारायचं. अडणं म्हणजे तिथली खळ अजून तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कुणी व्हिनेगर घाला म्हणतं, कुणी कपड्यांचं सॉफ्टनर, कुणी वाफेचं यंत्र भाड्यानं आणा म्हणतं. यातलं बरंच चालतं, पण बहुतेक ठिकाणी खरं काम पाणी आणि पाव तास हे दोघंच करत असतात. वाफ तर जिप्समच्या भिंतीला जपूनच द्यावी. कागदाआधी भिंतच मऊ व्हायची.

कागद निघाला की आपल्याला काम संपल्यासारखं वाटतं. खळ अजून भिंतीवरच असते. ओला हात फिरवला आणि बुळबुळीत लागलं तर ती आहे. पिठाच्या किंवा स्टार्चच्या खळीची आणखी एक खूण औषधाच्या डब्यातच असते. पाण्यात टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकून त्यात भिजवलेला कापसाचा बोळा कोपऱ्यात टेकवला की स्टार्च असलेल्या जागी निळा-काळा डाग उमटतो. सेल्युलोजच्या तयार खळीवर ही परीक्षा लागू पडत नाही, तिथे हाताचीच परीक्षा. ही खळ कोमट पाण्यानं आणि स्पंजानं, पाणी बदलत बदलत पुसून काढावी लागते. तिच्यावर तसाच रंग मारला तर तो वाळताना तडकतो, आणि महिनाभरानं आपण रंगाच्या कंपनीला शिव्या देतो. मग भिंत दोन-तीन दिवस, पावसाळी हवेत त्याहून जास्त, उघडी वाळू द्यायची. त्यानंतर लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर.

स्टिकरची गोष्ट वेगळी. त्याच्यामागे खळ नसते. दाबलं की धरणारा, कधीच पुरता न वाळणारा ॲक्रिलिकचा चिकट थर असतो. पाण्यानं त्याचं काही होत नाही, उष्णतेनं होतं. केसांचा ड्रायर वीतभर अंतरावरून सतत हलवत ठेवला की मिनिटभरात टोक मऊ पडतं. भिंत हाताला गरम लागावी, चटका बसू नये. मग टोक उचलून ते स्टिकरच्या स्वतःच्याच अंगावर परत दुमडावं आणि भिंतीला समांतर, सावकाश ओढत न्यावं. भिंतीपासून सरळ समोर ओढलं तर जोर जास्त लागतो आणि तो रंगावर येतो. सावकाश ओढण्यालाही कारण आहे. हा चिकट पदार्थ अर्धा द्रव, अर्धा घन असतो. हळू ओढलं तर तो पातळ पदार्थासारखा ताणला जाऊन सुटतो, झटका दिला तर घन पदार्थासारखा अडून बसतो आणि रंगाचा तुकडा घेऊनच येतो. “एकदम खेचलं की पटकन निघतं” हा सल्ला भिंतीला लागू नाही.

मागे राहिलेल्या चिकट डागावर धूळ बसून तो काळा होतो. त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवून थोडं थांबावं, मग मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेनं हलकेच लोटावं. प्लास्टिकची कड रंगाला ओरखडत नाही. तेल मात्र साबणाच्या पाण्यानं पुरतं धुवायला हवं, नाहीतर नवा रंग तिथे धरणार नाही. डिस्टेंपरवर तेल लावूच नये, ते आत मुरतं. टर्पेंटाइन वापरायचं असेल तर आधी कोपऱ्यात, खिडक्या उघडून आणि देवघरातला दिवा विझवून.

इतकं सगळं नीट केल्यावरही पुष्कळदा भिंतीवर जिराफ दिसतोच. स्टिकर गेलेला असतो, डिंक गेलेला असतो, तरी जिराफाची मान, पाय, शेपटी स्पष्ट, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. लोक तो डाग समजून घासत बसतात. वास्तविक तेवढीच जागा ठीक आहे. ऊन, धूळ, हातांचा वावर यांनी बाकीची भिंत विटली, आणि स्टिकरखालचा रंग लावला त्या दिवसासारखा राहिला. त्यामुळे तेवढ्या जागेवर नवा रंग मारूनही भागत नाही. ठिगळ लगेच दिसतं. रंग त्या अख्ख्या भिंतीला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत द्यावा लागतो.

मुलांच्या खोलीतलं काढताना आधी मुलाला विचारावं. बारावीतल्या मुलाला जिराफाचं काय, असं आपल्याला वाटतं. पण दाराच्या कडेला लावलेली उंची मोजण्याची पट्टी आणि तिच्यावरच्या पेन्सिलच्या खुणा कदाचित त्याला राहू द्यायच्या असतात. काय काढायचं याची यादी करताना काय ठेवायचं याचीही करावी. ती जागा टेप लावून झाकली तर रंगाऱ्याला काही अडचण नसते.

कागद काढल्यावर कधी कधी भिंत वेगळंच काही दाखवते. विनाइलचा कागद हवा आत-बाहेर जाऊ देत नाही. मुंबईत आणि कोकणात चार महिने भिंती पाणी पितात. ती ओल प्लास्टिकमागे अडकते आणि तिथे काळी-हिरवी बुरशी वाढते. वरून कागद फुलाफुलांचा, टापटीप. तो काढल्यावर बुरशी दिसली तर ती कोरडी खरवडू नये, तिची धूळ छातीत जाते. नाकातोंडाला मास्क लावावा, भिंत ओली करून पुसावी आणि आधी पाणी कुठून येतंय ते शोधावं. वरच्या मजल्याचं न्हाणीघर असेल, बाहेरच्या भिंतीची चीर असेल, खिडकीची कड असेल. पुष्कळ घरांत वॉलपेपर ओल झाकण्यासाठीच लावलेला असतो. तिथे नवा कागद लावणं म्हणजे दुखणं आणखी काही वर्षं मागे ढकलणं.

जुन्या घरात आणखी एक काळजी घ्यायची. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दर दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि 2017 मध्ये ती लागू झाली. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः दारं-खिडक्यांच्या आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्याच्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या मुलांच्या बोटांवाटे ती पोटात जाते. म्हणून वॉटर पेपर आणि पाणी घेऊन ओलंच घासावं, पोरांना त्या दिवशी दुसऱ्या घरी ठेवावं, आणि गाळ झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं उचलावा.

हे सगळं करताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. भिंत वाचणार की नाही, हे काढणाऱ्याच्या हातात फार थोडं असतं. ते बहुतेक लावतानाच ठरून गेलेलं असतं. ज्यानं कागद लावण्याआधी भिंतीला प्रायमर दिला, त्याचा कागद पुढे सुखानं उतरतो. ज्यानं कोऱ्या लांबीवरच खळ फासली, त्याचा कागद लांबी घेऊनच जातो. ज्यानं ताज्या रंगावर चौथ्या दिवशी स्टिकर दाबला, त्यानं तो रंगातच रोवला. नवा रंग वरून वाळलेला दिसला तरी पुरता मुरायला तीन-चार आठवडे घेतो. आणि लावणारा आणि काढणारा बहुधा एकच माणूस नसतो. लावतो तो आनंदात असतो, घरात बारसं असतं, गृहप्रवेश असतो. काढतो तो पुढचा भाडेकरू, पुढचा मालक, नाहीतर तोच माणूस पंधरा वर्षांनी म्हातारा झालेला.

या दोघांमध्ये किती अंतर पडू शकतं, ते अजिंठ्याला दिसतं. तिथली चित्रं ओल्या चुन्यात मुरवलेली नाहीत. दगडावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्या कोरड्या पृष्ठावर डिंकात कालवलेले रंग, अशी ती नाजूक रचना. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह 1872 पासून तिथे चित्रांच्या नकला करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात चित्रांवर व्हार्निश लावलं गेलं. पुढे 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावलं. सुटू लागलेले पोपडे त्यांनी पक्के केले, पुष्कळ चित्रं पडता पडता वाचवली, आणि संरक्षणासाठी वरून लाखेचा हात दिला. ती माणसं आपल्या काळातली जाणकारच होती. पण लाख वर्षांनुवर्षं पिवळी, मग तपकिरी होत गेली, तिच्यावर धूळ बसली, वाळताना ती आकसली आणि खालचा रंग ओढायला लागली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ ती लाख उतरवत आले आहेत. द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा, एका वेळी तळहाताएवढीही नाही इतकी जागा, आणि प्रत्येक वेळी बोळ्यावर लाख येते आहे की रंग, हे बघणं. लावायला गेलेला वेळ आणि काढायला लागलेला वेळ यांची तुलनाच होत नाही.

जुन्या वस्तू जतन करणाऱ्यांनी अशा अनुभवांतून एक नियम बांधून घेतला आहे: मूळ वस्तूवर जे काही घालाल ते पुढच्याला काढता आलं पाहिजे. म्हणून फाटलेल्या हस्तलिखिताचं पान सांधायला आजही गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. बाजारात तिच्यापेक्षा पक्के गोंद ढिगानं आहेत. पण ती पाण्यानं सुटते, आणि पन्नास वर्षांनी कुणाला त्याहून चांगली दुरुस्ती सुचली तर तो ही दुरुस्ती कागदाला इजा न करता काढू शकतो. त्या पानावर सेलोटेप लावणारा माणूस मात्र पिवळा, चिकट, कायमचा डाग मागे ठेवून जातो.

आपल्या जुन्या घरांतून ही समज रोजच्या सवयीत होती. चुन्यात नीळ किंवा पिवडी कालवून दर दिवाळीला हात दिला जायचा, आणि त्याआधी मागच्या वर्षीच्या खपल्या खरवडून भिंत झाडून घेतली जायची. सारवलेली भिंत तर दर सणाला नवी व्हायची. तिथे कायमचं असं काही लावायचंच नसे. आता आपण कायमचं बसवायला शिकलो आहोत. दुकानदारही “पंधरा वर्षं हलणार नाही” हे गुण म्हणून सांगतो, आणि आपणही तो गुण म्हणूनच ऐकतो. पंधरा वर्षांनी ज्याला ते हलवायचं आहे तो त्या दुकानात नसतो.

भाड्याच्या घरात तर हा विचार आधी हवा. अकरा महिन्यांच्या करारावर आलेलं नवं जोडपं भिंतीवर झाड लावतं, त्यावर पक्षी बसवतं, आणि घर सोडताना त्या पक्ष्यांनी उखडलेला रंग डिपॉझिटमधून वळता होतो. घरमालक चिडतो, भाडेकरू हिरमुसतो. घर स्वतःचं करावंसं वाटणं साहजिकच आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण भिंत पुढच्याला परत द्यायची आहे, हे त्याच वेळी लक्षात असलं की हात आपोआप वेगळा चालतो. स्टिकर आधी दाराआड चार दिवस लावून, काढून बघितला जातो. दोघांनी मिळून भिंतीचे फोटो काढून ठेवले जातात. मालकाला आधी विचारलं जातं.

म्हणून या दिवाळीत भिंत मोकळी करून झाली आणि पुन्हा काही लावायची हौस आलीच, तर जरूर लावा. कोऱ्या भिंती कुणाला आवडतात? फक्त आधी भिंतीला प्रायमर आणि रंग द्या आणि रंग महिनाभर मुरू द्या. कागद घेताना “किती वर्षं टिकेल” याबरोबर “निघतो कसा” हेही दुकानदाराला विचारा. कोरडा उतरणारा कागद मिळत असेल तर तोच घ्या. ओल येणाऱ्या भिंतीला कागद लावू नका. रोलचं वेष्टण आणि खळीच्या पाकिटावरचं नाव रंगाच्या डब्यांच्या बिलासोबत जपून ठेवा, आणि घर सोडताना ते पुढच्याच्या हातात द्या. लावण्याआधी एवढं एकदा स्वतःला विचारा: हे काढणार कोण, आणि कशानं? उत्तर मिळेपर्यंत खळ कालवू नका.